मालदीव हनिमून: दोघंही दारू घेत नाही, तरी ऑल-इन्क्लुझिव्ह घ्यावं का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमचं लग्न आहे, आणि त्यानंतर मालदीवला जायचं असं दोघांनी मिळून ठरवलंय. देशाबाहेर दोघंही पहिल्यांदाच चाललोय, विमानात मी आजवर दोनदाच बसलोय तेही ऑफिसच्या कामाला, त्यामुळे कितीही वाचलं तरी गोंधळ संपत नाही म्हणून इथं विचारतोय.

एजंटने एकाच रिसॉर्टचे तीन कोटेशन दिलेत, चार रात्रींचे. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, फुल बोर्ड म्हणजे दुपारचंही, आणि ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणजे सगळं खाणंपिणं. हाफ बोर्ड आणि ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये दोघांचा मिळून साधारण ७० हजारांचा फरक पडतोय. आम्ही दोघंही दारू घेत नाही. मी मासे खातो, ती पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. दादा म्हणतो जी दारू पिणार नाही तिचे पैसे कशाला भरायचे, आणि हिशेबाने बघितलं तर त्याचं बरोबर वाटतं.

पण माझ्या मनात दुसरं आहे. तिचे वडील आजारी पडल्यापासून सहा वर्षं घरचा सगळा खर्च तीच बघते, भावाची फी, औषधं, घराचा हप्ता. आम्ही कुठंही खायला गेलो की ती मेनूकार्डाची उजवी बाजू आधी वाचते आणि मग डावीकडं येते. मी कधी बोललो नाही तिला. पण हे चार दिवस तिनं उजवी बाजू बघूच नये असं मला फार वाटतं. बजेट सगळं मिळून साडेतीन लाख, साठवलेले आहेत, कर्ज काढायचं नाही हे नक्की. तारखा २२ ते २६ डिसेंबर धरल्यात. ज्यांनी हे केलंय त्यांनी खरं काय ते सांगा, आणि आणखी काय बघायला पाहिजे तेही सांगा.

मीठभाकर
आधी अभिनंदन तुमचं दोघांचं. मेनूकार्डाच्या उजव्या बाजूचं वाचून सविस्तर लिहायला बसलोय कारण आमचं अगदी हेच झालं होतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही गेलो, हाफ बोर्ड घेऊन. विचार तुमच्या दादासारखाच, पीत नाही तर कशाला. पहिल्या दिवशी दुपारी दोन वाजता भूक लागली, बेटावर दुसरं काही नसतंच, एक बेट म्हणजे एकच रिसॉर्ट, बाहेर पडून वडापाव खाऊन येऊ असा प्रकार नाही. बसलो. एक पास्ता २६ डॉलर, एक पिझ्झा २८ आणि कलिंगडाचे दोन ज्यूस १२-१२ चे. झाले ७८. मग बिल आलं त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर पुन्हा टॅक्स, तेव्हा १६ टक्के होता, म्हणजे जवळजवळ शंभर डॉलर. दुपारच्या एका जेवणाचे साडेआठ हजार. बायको काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला तिनं दोन केळी आणि एक बन टिशूमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकला, दुपारसाठी. ते मी बघितलं आणि मला घशाखाली घास जाईना. समोर इतका सुंदर निळा समुद्र, आणि ती केळी लपवतेय. रात्री जेवताना पाण्याच्या बाटलीचंही वेगळं बिल, कारण हाफ बोर्डमध्ये जेवण येतं, जेवणासोबतचं पाणीसुद्धा येतंच असं नाही. आम्ही खोलीतली फुकट बाटली घेऊन गेलो तर वेटरने अगदी नम्रपणे सांगितलं की इथं चालणार नाही.

म्हणून हिशेब असा करा. आता जुलै २०२५ पासून तो टॅक्स १७ टक्के झालाय. म्हणजे मेनूवर १०० लिहिलेलं असेल तर सर्व्हिस चार्ज धरून ११०, त्यावर १७ टक्के म्हणजे १२८ डॉलर ७० सेंट. डॉलर नव्वद धरा म्हणजे डोक्यात पटकन गुणाकार होतो. चार रात्रींत दुपारची जेवणं तीन नाहीतर चार, ती झाली ३० ते ३५ हजार. ज्यूस, मॉकटेल, कॉफी, नारळपाणी यातलं काहीही दहा-बारा डॉलरच्या खाली क्वचित मिळतं, दोघांनी दिवसाला चार घेतले तरी साडेपाच-सहा हजार, चार दिवसांचे वीस-पंचवीस हजार. संध्याकाळचा चहा-खाणं, खोलीतला मिनीबार, स्नॉर्केलचं (पाण्यात तोंड घालून मासे बघायच्या मास्क-नळीचं) भाडं, बऱ्याच प्लॅनमध्ये एखादी बोटीतली फेरी, हे सगळं धरलं की तुमचे ७० हजार तिथंच भरून निघतात, दारूचा एक थेंब न घेता. दारू पिणाऱ्याला जास्त फायदा होतो हे खरंच, पण न पिणाऱ्याचं नुकसान होतंच असं नाही.

मधला रस्ता फुल बोर्डचा आहे, त्यासाठी रिसॉर्टला मेल करून एकच विचारा, फुल बोर्डमध्ये जेवणासोबत पाणी, ज्यूस, कोल्ड्रिंक धरलंय का. काही ठिकाणी असतं, आणि तसं असेल तर तुमच्यासाठी तेच सगळ्यात शहाणपणाचं. नसेल तर सरळ ऑल-इन्क्लुझिव्ह घ्या.

आणि ऑल-इन्क्लुझिव्ह या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, प्रत्येक रिसॉर्टचं वेगळं. कुठं फक्त मुख्य बुफे धरलेला असतो आणि बाकीच्या रेस्टॉरंटमध्ये पैसे, कुठं मिनीबार दिवसातून एकदाच भरतात. लॉबस्टर, वाळूवरचं कँडललाइट डिनर, जेट स्की, स्पा हे बहुतेक बाहेरच असतं. आणि शेवटच्या दिवशी चेकआउट बारा वाजता झालं की बऱ्याच ठिकाणी प्लॅनही तिथंच संपतो, मग सीप्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) चारला असलं तर मधल्या वेळात जे घ्याल त्याचं बिल. हे लेखी घ्या, फोनवरचं धरू नका.

सह्यकडा
वरचं सगळं बरोबर, पण त्याच्याही आधी ट्रान्सफर बघा. विमान राजधानी मालेजवळच्या वेलाना एअरपोर्टला उतरतं, तिथून रिसॉर्टपर्यंत स्पीडबोट, सीप्लेन किंवा आतलं छोटं विमान आणि पुढं बोट. सीप्लेनचे जाऊन-येऊन माणशी सहसा ४०० ते ६०० डॉलर पडतात, दोघांचे आठशे ते बाराशे, म्हणजे लाखाच्या आसपास. स्पीडबोटीचं त्यापेक्षा पुष्कळ कमी.

आमच्या एजंटने (नाव लिहीत नाही) स्वस्त पॅकेज म्हणून विकलं आणि ट्रान्सफर त्यात नाही हे व्हाउचरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. वर आमचं विमान पोहोचायची वेळ संध्याकाळी पाचची. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, पायलटला पाणी दिसल्याशिवाय उतरताच येत नाही, त्यामुळे दुपारी साडेतीन-चारनंतर पोहोचलेल्यांना त्या दिवशी मिळत नाही. आमची पहिली रात्र एअरपोर्टजवळच्या हुलहुमालेच्या एका लॉजवजा हॉटेलात गेली, रिसॉर्टच्या त्या रात्रीचे पैसे भरलेले असताना. लग्नानंतरची पहिली ट्रिप, बायको रडली हो त्या खोलीत. दोन वर्षं झाली तरी मला त्या माणसाचा राग येतो. तुम्ही मुंबईहून सकाळचंच विमान घ्या, थेट गेलं तर तीन तासांच्या आत पोहोचता.

आणखी एक, ग्रीन टॅक्स. जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टवर माणशी रात्री १२ डॉलर आहे. दोघांचे चार रात्रींचे ९६ डॉलर. कोटेशनमध्ये धरलाय का विचारा, नाहीतर चेकआउटला हातात बिल येतं. परत येतानाचा डिपार्चर टॅक्स इकॉनॉमीला ५० डॉलर आहे पण तो तिकिटातच असतो, कुणी वेगळा मागितला तर देऊ नका.

चाफेकळी
नांदा सौख्यभरे! मी वेगळंच सांगते. २२ ते २६ डिसेंबर नका जाऊ. तो वर्षातल्या सगळ्यात महाग आठवड्यांपैकी एक. त्यात २४ च्या रात्री बऱ्याच रिसॉर्टवर ख्रिसमसचं गाला डिनर सक्तीचं असतं, माणशी वेगळे पैसे, तुम्ही जा नाहीतर खोलीत झोपा. ऑल-इन्क्लुझिव्हवाल्यांनाही चुकत नाही. एजंटला विचारा तुमच्या कोटेशनमध्ये ते आहे का.

आणि लग्नानंतर लगेच आठवडाभरात निघणं म्हणजे दोघंही अर्धमेले होऊन जाणार. सत्यनारायण, मांडवपरतणी, देवदर्शन, आमचं कुलदैवत जेजुरीचं, ह्यांनी मला उचलून पायऱ्या चढवल्या आणि त्यांची कंबर तीन दिवस धरली होती. जानेवारीत जा. तिथं डिसेंबर ते एप्रिल कोरडा मोसम, मे ते ऑक्टोबर पावसाचा, त्यामुळे जानेवारीत हवा उत्तमच असते. फक्त पहिली संक्रांत चुकवू नका हां. काळी साडी, हलव्याचे दागिने हे तिचं एकदाच असतं, आणि तिच्या माहेरच्या घरात इतकं आजारपण चाललंय तर तिच्या आईला तो दिवस बघायला मिळू दे. १४ जानेवारी झाली की सोळा-सतरानंतर निघा, २६ च्या सुट्टीच्या आत परत या म्हणजे विमानाची तिकिटंही बरी मिळतील.

आता बायकांचं. हिरवा चुडा तोवर हातात असेल तर पाण्यात उतरायच्या आधी काढून ठेवायला सांगा. आमच्या पाण्यावरच्या व्हिलाच्या शिडीवर माझ्या तीन बांगड्या एका झटक्यात वाढल्या, मनगटाला काच लागली, आणि सासूबाईंना काय सांगू या विचाराने माझा अख्खा दिवस गेला (त्या फोनवर म्हणाल्या, अगं नवीन भरू, तू पाण्यात जा). मंगळसूत्र आणि अंगठी खोलीतल्या लॉकरमध्ये. पाण्यात बोटं आकसतात आणि नवीन अंगठी सैलच असते. पोहायला जाताना मी काळ्या मण्यांची साधी पोत घालून जायचे.

आई-सासूबाई प्रवासाला म्हणून बॅगेत छोटा गणपती ठेवतात ना, तो घरीच ठेवा. पूजेच्या मूर्ती तिथं न्यायला मनाई आहे, कस्टमवाले बॅगा स्कॅन करतात. दारूही नेता येत नाही, ड्यूटी फ्रीची बाटली एअरपोर्टला जमा करून घेतात आणि परतताना देतात, तुम्हाला तो प्रश्नच नाही म्हणा.

पुळणवाला
साडेतीन लाखांत विमान धरून रिसॉर्ट ओढाताणीचंच होणार, म्हणून एक पर्याय सांगतो. माफुशी, धिगुरा अशी गावं असलेली बेटं आहेत, तिथं गेस्टहाऊस असतात, खर्च निम्म्याहून खाली येतो, ग्रीन टॅक्सही पन्नासपेक्षा कमी खोल्यांच्या गेस्टहाऊसला सहाच डॉलर. दारू मिळत नाही, पोहण्याच्या कपड्यांत फिरायला वेगळा बीच. दोन रात्री तिथं आणि दोन रिसॉर्टवर असं पुष्कळ जण करतात. धिगुराजवळ दक्षिण अरी अटॉलमध्ये (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) व्हेल शार्क वर्षभर दिसतात, मी दोन बघितले, एक तर आमच्या बोटीएवढा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मीठभाकर दादा, तुमचं ते केळीचं वाचून मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ तसाच बसलो. ऑल-इन्क्लुझिव्ह किंवा पेयांसकट फुल बोर्ड, यातलंच एक घेणार, हाफ बोर्ड बाद. संक्रांतीचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं, आईला सांगितलं तर ती म्हणाली मी हेच बोलणार होते पण तुमच्या दोघांच्या मध्ये कशाला पडू. तर आता १८ ते २२ जानेवारी.

पुळणवाला दादा, गावाची बेटं बघितली, छान आहेत, पण दोन दिवस इथं दोन दिवस तिथं म्हटलं की पुन्हा बोटीच्या वेळा, पुन्हा हिशेब, ते या वेळी नको वाटतंय.

आता एजंटला सांगून स्पीडबोटीवाल्या रिसॉर्टचं कोटेशन मागवलंय. दोन प्रश्न राहिले. एक, शाकाहारी माणसाचं तिथं खरंच भागतं का? दोन, तिचं पासपोर्टवर माहेरचं नाव आहे, लग्नानंतर बदलून घ्यावं लागेल का?

मीठभाकर
पासपोर्ट बदलायच्या भानगडीत आत्ता पडू नका. तिकीट आणि बुकिंग दोन्ही पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच करा, माहेरचं असलं तरी काही अडत नाही. व्हिसा तिथं उतरल्यावर फुकट मिळतो, परतीचं तिकीट आणि बुकिंग जवळ ठेवा. इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म असतो तो निघायच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा, येतानाही पुन्हा, आणि तो पूर्ण मोफत आहे. पैसे मागणाऱ्या साइट निघाल्यात, तिथं कार्ड नंबर देऊ नका. लग्नपत्रिकेचा फोटो आणि मॅरेज सर्टिफिकेट झालं असेल तर त्याची प्रत आधीच रिसॉर्टला मेल करा, नवविवाहितांना केक, पलंगावर फुलं, एखादं डिनर असं बरंच देतात, पण सांगितल्याशिवाय देत नाहीत. त्यात वाइनची बाटली असते, तिच्याऐवजी दुसरं काही द्या म्हटलं तर आम्हाला फळांची मोठी टोपली दिली होती.

शाकाहाराचं भागतं, आणि चांगलं भागतं. आमच्या रिसॉर्टच्या बुफेत एक भारतीय काउंटर रोज असायचा, डाळ, भात, पनीर, भाजी, किचनमध्ये केरळचे दोन आचारी होते, त्यातल्या एकाने तिसऱ्या दिवशी बायकोसाठी वेगळा उपमा करून आणला. अट एकच, पोहोचायच्या आधी मेल करून स्पष्ट लिहा, मांस-मासे नाही आणि अंडंही नाही. कारण तिथल्या घरच्या जेवणात ट्यूना आणि नारळ सगळीकडं. सकाळी मास हुनी नावाचा प्रकार असतो, खवलेला नारळ, कांदा, मिरची, वरून लिंबू, बघून वाटतं आपल्याकडची चटणी, पण त्यात ट्यूना कालवलेला असतो. बायको चमचा तोंडात घालणार होती तेवढ्यात आचाऱ्यानेच थांबवलं. त्याच्यासोबतची रोशी मात्र अगदी आपल्या चपातीसारखी, ती बिनधास्त खा. आम्ही घरचा चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू नेले होते, रात्री डेकवर बसून खाल्ले, खाली पाण्यात दिव्याच्या उजेडाला छोटे शार्क येतात, ते माणसाला काही करत नाहीत, त्यांना बघत बसायचो.

आणि हो, काही रिसॉर्टची घड्याळं मालेच्या एक तास पुढं असतात. माले आपल्या अर्धा तास मागं. बोटीची वेळ कुठल्या घड्याळाने ते विचारून घ्या.

चाफेकळी
रिसॉर्ट पक्कं करताना हाउस रीफ आहे का तेवढं बघा, म्हणजे बेटाला लागूनच प्रवाळ. नुसतं वाळूचं लगून, म्हणजे बेटाभोवतीचं उथळ पाणी, असेल तर मासे बघायला दर वेळी पैसे भरून बोटीने जावं लागतं. आणि शंख, प्रवाळाचा तुकडा असं काही आठवण म्हणून बॅगेत टाकू नका, परवानगी नाही.

कृष्णाकाठ
काल रात्री तिला सगळं वाचून दाखवलं, तुमच्या सगळ्यांच्या पोस्टसकट. माझी पहिली पोस्ट वाचून ती बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली उजवी बाजू वाचते ते तुला कधीपासून कळतं. मी म्हटलं पहिल्या दिवसापासून.

बुकिंग झालं. स्पीडबोटीचं रिसॉर्ट, हाउस रीफ आहे, ऑल-इन्क्लुझिव्ह, ग्रीन टॅक्स आणि ट्रान्सफर धरून, विमानासकट ३ लाख ४२ हजार. काय काय धरलंय ते रिसॉर्टच्या मेलवर लेखी घेतलंय. आता तिचा एकच प्रश्न आहे. मी नदीकाठचा, पुरात पोहलेला माणूस, तिला अजिबात पोहता येत नाही. तिला मासे बघता येतील का, की मी एकट्यानेच जायचं?

चाफेकळी
अहो मला तरी कुठं येत होतं. लाइफ जॅकेट रिसॉर्टवर मिळतं. पहिल्या दिवशी लगूनमध्ये, जिथं पाणी कमरेपर्यंत आहे तिथं, मास्क आणि नळी लावून नुसतं तोंड पाण्यात घालायची सवय करायची, तोंडाने श्वास घ्यायला दहा मिनिटं जातात आणि मग जमतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या इन्स्ट्रक्टरबरोबर रीफच्या कडेपर्यंत, तो तरंगती रिंग देतो, ती धरून नुसतं पडून राहायचं. कडेला एकदम खोल निळं होतं, तिथं पहिल्यांदा छातीत धस्स होतं हे तिला आधीच सांगून ठेवा. आणि तुम्हीही नदीत पोहता म्हणून एकटे त्या कडेपलीकडं जाऊ नका, तिथं ओढ असते. ओहोटी-भरतीच्या वेळा डाइव्ह सेंटरच्या फळ्यावर लिहिलेल्या असतात, रोज सकाळी नाश्त्याला जातानाच बघून घ्या. तिचा हात धरून जा, मला ह्यांनी तसंच नेलं होतं, आणि पहिलं कासव मलाच आधी दिसलं.